तळ्याकाठचं रान : तुम्ही विचारलेलं

मागच्या अंकात आमच्या गावाला लागून असलेल्या तळ्याविषयी लिहिलं होतं. बेळगाव-खानापूर पट्ट्यातलं एक साधं गावतळं, गटारीचं पाणी आणि कचरा पडून पडून पार वाया गेलेलं, आणि गावातल्याच पोरांनी, बायकांनी, चार-पाच रिटायर माणसांनी मिळून त्याच्या काठची दोन-अडीच एकर पड जागा साफ केली आणि तिथं इथलीच झाडं, झुडपं, गवतं परत आणली, एवढाच विषय होता. सात वर्षं लागली. त्यावर इतके मेसेज येतील असं वाटलं नव्हतं, पत्रं पण आलीत, एक तर वहीच्या दोन्ही बाजूंनी भरून लिहिलेलं. सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून जे परत परत विचारलंय ते इथं घेते.

आमच्या युवक मंडळानं तळ्याभोवती पाचशे झाडं लावायचं ठरवलंय, 5 जूनला कार्यक्रम हाय, पाहुणे पण ठरलेत. एकजण रोपं फुकट द्यायला तयार हाय, गुलमोहर, सुबाभूळ आणि ते कोनोकार्पस. लावू काय? नको तर मग कुठली लावू, सांगा की. – मंडळाचा एक कार्यकर्ता, खानापूर तालुका

पोरांनो, तुमचा उत्साह बघून बरं वाटलं, पण ती फुकटची रोपं घेऊ नका. गुलमोहर मादागास्करचा, रस्त्याच्या कडेला ठीक आहे, तळ्याकाठी त्याचा काय उपयोग नाही. सुबाभळीच्या शेंगा एकदा फुटायला लागल्या की खाली दुसरं काही उगवूच देत नाही, ती काढता काढता आमचे दोन उन्हाळे गेले. कोनोकार्पसचं तर गुजरात सरकारनं 2023 साली लागवडच बंद केली.

आता तारीख. मिरीग निघतो 7-8 जूनला, आणि आपल्याकडं खरा पाऊस लागायला कधी कधी पंधरवडा जातो. 5 जूनला फोटो होतील, रोपं मात्र उन्हात मरतील. त्या दिवशी पाहुण्यांच्या हातनं खड्डे भरून घ्या, माती, शेणखत, पालापाचोळा घालून, आणि रोपं दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर लावा. आणि तळ्याच्या अगदी काठाचं तर पहिल्या वर्षी काहीच लावू नका असं मी सांगेन. जुलैअखेर जाऊन पाणी कुठपर्यंत चढलंय ते बघा, तिथं खुंट्या मारा, सप्टेंबरात परत जा आणि कुठली जागा किती दिवस पाण्याखाली राहिली ते गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना बरोबर माहीत असतं. आम्ही हे केलं नाही आणि पहिल्या पावसाळ्यात बहाव्याची वीस-बावीस रोपं खालच्या अंगाला लावली, गणपतीपर्यंत सगळ्यांची मुळं कुजली. उपटून बघितलं तर मुळाची साल बोटानं ओढली तरी मोज्यासारखी निघून यायची, वास मारायचा. चूक बहाव्याची नव्हती, त्याला कोरड्या पायाची सवय.

दोन-दोन महिने पाणी साचतं तिथं निवर लावा, वाळुंज लावा. वाळुंजाची तर रोपं पण आणायला नकोत, हातभर लांबीच्या, अंगठ्याएवढ्या जाड फांद्या तोडून ओल्या मातीत अर्ध्या खुपसल्या की फुटतात. केवडा पण चालतो पण काटे असतात आणि पसरतो, वाटेपासून लांब लावा. त्याच्या वरच्या अंगाला, जमीन ओली राहते पण पाणी थांबत नाही अशा जागी अर्जुन, जांभूळ, उंबर, करंज. आणि अगदी वर कोरड्यात मग तुमचा बहावा, पळस, आवळा, बेहडा. मधेमधे निर्गुडी आणि अडुळसा, ही झुडपं लोक विसरतात, नुसती झाडं झाडं करतात, पण पाखरं लपतात ती झुडपातच. बांधाच्या उताराला वाळा. वाळ्याची मुळं माणसाच्या उंचीपेक्षा खोल जातात, माती धरून ठेवायला त्याच्यासारखं काही नाही.

आणखी एक. रोप लावायच्या आधी पिशवी ब्लेडनं उभी कापा आणि मुळं बघा. नर्सरीत दोन वर्षं तशीच पडून राहिलेली रोपं असतात, त्यांची मुळं पिशवीत गोल गोल फिरून अगदी चुंबळीसारखी झालेली असतात. ती तशीच लावली तर झाड वर हिरवं दिसतं आणि चार-पाच वर्षांनी एका वाऱ्यात आडवं होतं. खालची गुंडाळी कात्रीनं कापून टाका, भिऊ नका, नवीन फुटतात. जांभळाचं बी मात्र साठवून ठेवू नका, खाल्लं की त्याच आठवड्यात पेरा, वाळलं की मेलं. करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात गोळा करता येतात. जंगलातनं रोपं उपटून आणायचं काम कुणी करू नका.

आणि पाचशेचा आकडा सोडा. शंभर-दीडशेच लावा आणि तीन वर्षं पाणी कोण घालणार, आळ्यातलं गवत कोण काढणार त्यांची नावं आत्ताच वहीत लिहा. मार्च ते मे पाण्याला माणूस मिळत नसेल तर रोपाशेजारी मडकं पुरा, बुडाला बारीक भोक पाडून त्यात सुतळी घाला, आठवड्यातनं दोनदा भरलं तरी रोप तगतं.

तळ्याच्या सुशोभीकरणाला निधी मंजूर झालाय असं कळलं. चारी बाजूंनी दगडी पिचिंग, पेव्हर ब्लॉकचा वॉकिंग ट्रॅक, लाईट आणि मधे कारंजं असा प्लॅन आहे. आम्हाला आनंदच झाला पण तुमचा लेख वाचून शंका आली. – एक शिक्षिका, निपाणी

शंका आली हे चांगलं झालं ताई, कारण काम सुरू व्हायच्या आधी बोललात तरच काही बदलतं.

तळ्याचं सगळं जीवन काठाच्या उथळ पाण्यात असतं. घोटाभर पाण्यात. बेडूक तिथंच अंडी घालतो, माशाची पिल्लं तिथंच वाढतात, शेकाट्या आणि तुतवार ही पाखरं तिथंच चालत चालत किडे टिपतात, त्यांचे पाय टेकायला पाहिजेत. सरळ उभी दगडी भिंत घातली की हा सगळा पट्टाच जातो, तळ्याची मोठी विहीर होते. गाळ काढतानाही हीच चूक होते. जेसीबीवाला त्याच्या सोयीनं कडेनंच खोल खणत जातो आणि तळ्याला थाळीऐवजी बादलीचा आकार येतो. आमच्याकडं एकदा असंच झालं, आणि त्या वर्षी एक म्हैस कडेला घसरली ती बाहेर काढायला अर्धा गाव लागला. खोल करायचं असेल तर मधे करा, कडेला एक फूट खोलीला निदान पाच-सहा फूट तरी उतार राहू द्या.

ट्रॅक नको असं मी म्हणत नाही. बायकांना, वयस्कर माणसांना संध्याकाळी चालायला जागा पाहिजे, आमच्या गावातल्या किती जणींना शुगर आहे मला माहीत आहे. पण तो पाण्याला चिकटून चारी बाजूंनी कशाला? एका बाजूनं करा, गावाच्या अंगाला, आणि उरलेल्या तीन बाजू पाखरांना सोडा. पेव्हरऐवजी मुरूम दाबून घातला तर पाणी पण मुरतं. लाईट घालायचेच झाले तर कमी उंचीचे, खाली तोंड करून, रात्री बंद होणारे. रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली सकाळी जाऊन बघा, किड्यांचा खच पडलेला असतो. आणि कारंज्याचे पैसे गटारीचं पाणी अडवायला वापरा म्हणावं. ग्रामसभा असेल तर ग्रामसभेत, नाहीतर वॉर्डच्या नगरसेवकाकडं वीस जणांच्या सह्या घेऊन जा, एकट्या जाऊ नका.

जलपर्णी गेल्या वर्षी जेसीबी लावून काढली, बराच खर्च आला, आणि या वर्षी परत आहे तशी! औषध मारलं तर चालेल काय? – एक शेतकरी, बेळगाव तालुका

औषध मारू नका. मेलेली जलपर्णी पाण्यात कुजते, पाण्यातला ऑक्सिजन खाते आणि मासे वर येतात, आणि ते पाणी पुढं कुणाच्या तरी भातात जातंय.

परत येणार हे धरूनच चालायला पाहिजे कारण ती पंधरा दिवसांत दुप्पट होते आणि तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. एक झाड हातात घेऊन बघा कधी. वर ते फुगलेले देठ, आत स्पंजसारखे, आणि खाली हातभर काळी-जांभळी दाढी, त्यात बारीक गोगलगायी अडकलेल्या. त्या दाढीनंच ती गटारीतला साबण, मैला, शेतातनं वाहून आलेला युरिया सगळं शोषून घेते. म्हणजे तुमच्या तळ्यात जलपर्णी माजली याचा अर्थ तळ्याला खायला घालायचं कुणीतरी चालू ठेवलंय. बळ्ळारी नाल्याच्या काठाला शहापूर-वडगावच्या शिवारात जाऊन विचारा, नाल्यात शहराचं सांडपाणी, वर जलपर्णीचा थर, पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि उभ्या भातात शिरतं. ज्या शिवारातल्या बासमतीचा वास घरभर दरवळायचा तिथली ही गत.

आम्ही काय केलं ते सांगते. गटारीचं तोंड जिथं तळ्यात येतं तिथं दोन खड्डे खणले. पहिल्यात गाळ बसतो. दुसऱ्यात तळाला मोठे दगड, वर खडी, आणि त्यात पाणकणीस आणि वाळा लावलाय, पाणी त्यातनं हळूहळू झिरपत पुढं जातं. दर उन्हाळ्यात पहिला खड्डा उपसायचा, हे काम वासाचं आहे, माणसं मिळत नाहीत, शेवटी आम्हीच करतो. त्यानं पाणी पिण्यासारखं होत नाही, पण काळं यायचं ते आता मातकट येतं, आणि वास गेला. पाणकणीस तेवढं खड्ड्यातच ठेवा, तळ्यात सोडलंत तर ते पण माजतं.

मग जलपर्णी. एकदम जेसीबी लावून वर्षभर विसरायचं असं नाही, दर रविवारी दोन तास, फुलं यायच्या आधी. थर्माकोलचा किंवा डब्यांचा तराफा आणि लांब बांबूला आकडा एवढं पुरतं. काढलेलं काठावर टाकू नका, पहिल्या पावसात परत आत जातं. लांब नेऊन दोन दिवस वाळवा, मग शेणाचे थर देऊन खड्ड्यात घाला, खत चांगलं होतं, आमच्याकडं बायका परसातल्या भाजीला नेतात. हां, गटारीत फॅक्टरीचं पाणी येत असेल तर ते खत भाजीला वापरू नका, झाडांना घाला. जलपर्णी खाणारे भुंगे पण असतात, 1983-84 च्या सुमाराला बेंगळूरला शास्त्रज्ञांनी ते सोडले होते, पण ते सावकाश काम करतात आणि नुसत्या भुंग्यांवर विसंबून बसलात तर सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी त्यांच्या पुढं धावते.

आमच्या कॉलनीतले लोक म्हणायलेत की तळ्याकाठची झाडी तोडा, त्यामुळं डास झालेत, डेंग्यू व्हायलाय. मला झाडी आवडते पण लहान नात आहे घरात, भीती वाटते. – एक आजी, बेळगाव

आजी, नातीची काळजी बरोबर आहे, त्यात काही चुकीचं नाही. पण डेंग्यूचा डास तळ्यात वाढत नाही, तो वाढतो घराजवळच्या थोड्याशा स्वच्छ पाण्यात. गच्चीवरचा टायर, कुंडीखालची बशी, उघडी टाकी, करवंटी, फ्रिजच्या मागचा ट्रे. कॉलनीतल्या लोकांना सांगा की आठवड्यातनं एकदा, शुक्रवार तर शुक्रवार, सगळ्यांनी ही भांडी उपडी करायची. गटारीतला डास वेगळा, तो घाण साचलेल्या पाण्यात होतो. आणि जलपर्णीच्या मुळाला चिकटून राहणारा एक तिसराच, तो तर जलपर्णी काढली की जातो.

जित्या तळ्यात मासे असतात, डोक्यावर पांढरा ठिपका असलेला तो बोटभर मासा बघितला असेल, तो पाण्याच्या अगदी वरवर फिरून डासांच्या अळ्या खातो, दांडवण नावाचा मासा पण त्या खातो. चतुर आणि टाचण्यांची पिल्लं पाण्यातच असतात, महिनोन्महिने, आणि तेवढा वेळ ती डासांच्या अळ्या पण खातात. ही चतुराची पिल्लं बाहेर येताना काठच्या लव्हाळ्याच्या पातीवर चढतात, तिथं कात टाकतात आणि मग उडतात. झाडी-गवत कापलं की त्यांना चढायला काठीच उरत नाही. फक्त बाहेरचे गप्पी किंवा गंबुसिया मासे आणून सोडू नका, ते बेडकाची अंडी आणि आपल्या माशांची पिल्लं पण खातात.

तुम्ही झाडं लावताय चांगलं आहे पण आमची जनावरं कुठं चरायची? पिढ्यान्‌पिढ्या तळ्याकाठीच चारतोय. आता कुंपण घातलं की आम्ही चोर झालो काय? – खानापूर तालुक्यातनं, नाव नको

हा प्रश्न वाचून मी बराच वेळ गप्प बसले, कारण हेच शब्द मला सहा वर्षांपूर्वी तोंडावर ऐकायला लागले होते.

आम्ही सुरुवातीला सगळ्या जागेला तारेचं कुंपण घातलं. कुणाला विचारलं नाही, चांगलं काम करतोय म्हणजे सगळ्यांना पटणारच असं धरून चाललो. दहा दिवसांत तार तीन ठिकाणी कापली गेली आणि म्हशी आत. आमची पोरं भांडायला निघाली होती. मग गावातल्या एका जुन्या माणसानं सांगितलं की आधी जनावरंवाल्यांना देवळात बोलवा, चहा द्या आणि तुम्ही काही बोलू नका, ऐका. दोन तास ऐकलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं, पाण्याला वाट पाहिजे आणि उन्हाळ्यात हिरवा चारा पाहिजे. दोन्ही देता येण्यासारखं होतं! पूर्वेकडच्या अंगाला पाणवठ्याची वाट मोकळी सोडली, दगड घालून, म्हणजे चिखल होत नाही. उरलेल्या जागेचे तीन तुकडे केले, एका वेळी एकच तुकडा तीन वर्षं बंद, झाडं जनावराच्या तोंडाच्या वर गेली की तो खुला आणि दुसरा बंद. बंद तुकड्यातलं गवत दसऱ्यानंतर कापून न्यायचं, ज्यांची जनावरं त्यांचा पहिला मान. कुंपणाची तार काढली आणि निर्गुडीचं जिवंत कुंपण केलं, निर्गुडीला जनावर तोंड लावत नाही.

त्यातल्याच एका काकांनी पुढं आम्हाला दाखवलं की जनावर थोडं चरलं तर काठाचं गवत आखूड राहतं आणि टिटवी तिथं अंडी घालते, अगदी बंद केलेल्या तुकड्यात गवत कमरेइतकं वाढलं तिथं टिटवी गेली नाही. हे आम्हाला कुठल्या पुस्तकात मिळालं नसतं. तुम्हाला कुणी चोर म्हणत असेल तर तो चुकतोय. तुमच्याकडं जे कोण काम करतायत त्यांना हा अंक दाखवा आणि बसा एकदा एकत्र.

घाणेरीवर किती फुलपाखरं येतात! मग ती का उपटायची? – एक विद्यार्थी, चिक्कोडी

येतात, मध प्यायला येतात. पण अंडी कुठं घालतात बघ. घाणेरीचं पान आपल्या बहुतेक फुलपाखरांच्या अळ्या खात नाहीत. कढीपत्ता आणि लिंबावर एक फुलपाखरू अंडी घालतं, रुईवर दुसरं, प्रत्येकाचं पान ठरलेलं. सगळीकडं घाणेरीच झाली तर हॉटेल आहे पण घर नाही अशी गत. तोडायची तर नुसती वरनं तोडू नको, दुप्पट फुटते. जमिनीखाली तीन-चार बोटं मुख्य मूळ तोडायचं आणि झुडूप उलटं करून, मुळं वर करून ठेवायचं म्हणजे परत रुजत नाही. आणि काढल्या जागी त्याच पावसात दुसरं काहीतरी लाव, मोकळी जागा सोडली की काँग्रेस गवत येतं. आणि एका वेळी सगळी काढू नको, आत पाखराचं घरटं आहे का ते आधी बघ.

झाडांच्या पाट्या कुठल्या भाषेत लावल्यात? आमच्याकडं त्यावरनंच वाद सुरू झालाय. – बेळगाव

आमच्याकडं पण झाला असता. पाट्यांचा खर्च नको म्हणून आधी नुसते नंबर लावले होते. मग एका रविवारी आमच्या गावातल्या दोन आज्या, एक मराठी आणि एक कन्नड, दोघी काठावर बसल्या आणि झाडांची नावं एकमेकींना सांगायला लागल्या. जांभूळ म्हणजे नेरळे, करंज म्हणजे होंगे, उंबर म्हणजे अत्ती, निर्गुडी म्हणजे लक्की, वाळा म्हणजे लावंच. अर्जुनाला कन्नडमध्ये होळेमत्ती म्हणतात, होळे म्हणजे नदी, मत्ती म्हणजे आपला ऐन, म्हणजे नदीकाठची मत्ती, नावातच सांगितलंय की हे झाड कुठं लावायचं! आम्ही मराठीत अर्जुन अर्जुन करत बसलो आणि ती आजी एका शब्दात जागा दाखवून मोकळी. त्यानंतर पाट्या केल्या त्या दोन्ही भाषेत, दोन्ही नावं सारख्याच मोठ्या अक्षरात, दोन्ही आज्यांना विचारून. बाळंतिणीला निर्गुडीच्या पाल्याचं पाणी दोघींच्या घरात, करंजाच्या तेलाचा दिवा दोघींनी लहानपणी बघितलेला. तुमच्याकडंही पाट्यांची मीटिंग घेण्याआधी अशा दोन आज्या शोधा.

रात्रीत ट्रॅक्टर येऊन आमच्या तळ्यात खरमाती टाकून जातात. निम्मं तळं बुजलं. काय करता येईल? – एक वाचक, खानापूर

उशीर करू नका. पहिलं काम, तळ्याचा सर्व्हे नंबर शोधा आणि पहाणी पत्रक, म्हणजे जमिनीचा सरकारी उतारा काढा, त्यात सरकारी तळं किंवा केरे (कन्नडमध्ये तळं) अशी नोंद आहे का बघा. सर्व्हेचा नकाशा पण काढून घ्या, कारण भर टाकून झाल्यावर हद्द कुठं होती यावरच भांडण येतं. तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, ट्रॅक्टर अडवायला रात्री एकट्यानं जाऊ नका. अर्ज पीडीओ (पंचायत विकास अधिकारी), तहसीलदार आणि जिल्हाधिकारी तिघांनाही द्या आणि पोच घ्या, पोच घेतल्याशिवाय ऑफिसमधनं बाहेर पडू नका.

कायदा तुमच्या बाजूचा आहे. कर्नाटकात तळ्यांच्या रक्षणासाठी 2014 चा स्वतंत्र कायदा आहे. पंजाबातल्या एका गावच्या तळ्यावर घरं बांधल्याच्या खटल्यात 2011 साली सुप्रीम कोर्टानं सांगितलं की गावाची सामाईक जागा अशी बळकावता येत नाही, आणि सगळ्या राज्यांना अतिक्रमणं काढायची योजना करायला सांगितली. अर्जात 2017 चे पाणथळ जागांचे नियम लिहायला जाल तर एक सांभाळा, खास शेतीच्या किंवा पिण्याच्या पाण्यासाठी माणसानं बांधलेले तलाव त्या नियमात धरलेले नाहीत, समोरचा वकील लगेच तेच पकडतो. बांधलेल्या तलावाला किंमत नसते असं मात्र नाही, गदग जिल्ह्यातलं मागडी केरे शेतकऱ्यांच्या पाण्याचंच तळं, तिथं हिवाळ्यात हिमालयापलीकडनं हंस येतात, आणि 2024 साली त्याचं नाव रामसरच्या, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं. म्हणून अर्जात तळ्याचा कायदा आणि पहाणीतली नोंद पुढं ठेवा, बाकीचं मागनं.

गणपती विसर्जनाचं काय करता? – बेळगाव आणि निपाणीहून बऱ्याच जणांनी विचारलंय

तळ्यात करत नाही. काठावर वेगळं कुंड खणलंय, शाडूची मूर्ती त्यात विरघळते, ती माती पुढच्या वर्षी नर्सरीच्या पिशव्यांत वापरतो. निर्माल्याचं खत. पहिल्या वर्षी लोक नाराज होते. मग आरती कुंडाजवळ तळ्याकडं तोंड करून करायला लागलो, आणि तळ्यातलंच कळशीभर पाणी आणून कुंडात घालतो, त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

मी सहावीत आहे. मला तुमचं तळं बघायचं आहे. कधी येऊ? पक्षी दिसतील काय? – येळ्ळूर

ये की! दिवाळीची सुट्टी संपायच्या आत ये, नाहीतर जानेवारीत एखाद्या रविवारी. सकाळी साडेसहाला पोच, आठनंतर आलीस तर निम्मी मजा गेलेली असते. टिबुकली नक्की दिसेल, ती बुडी मारते आणि तू वाट बघत बसतेस तिथं कधीच वर येत नाही. हळदीकुंकू बदक दिसेल, चोचीचं टोक पिवळं आणि कपाळाशी लाल ठिपके, म्हणून ते नाव. कमळाच्या पानावरनं चालणारा कमळपक्षी दिसला तर त्याच्या पायाची बोटं बघ, किती लांब असतात ती. शेपटी खालीवर करत फिरतो तो धोबी, तो लांबनं आलेला पाहुणा, हिवाळा संपला की जातो. वाळुंजाखाली बसायला एक दगड आहे, तिथं न बोलता पंधरा मिनिटं बसायचं, मग खंड्या स्वतःच जवळ येऊन बसतो. भडक रंगाचा फ्रॉक घालू नकोस, सोबत घरचं कुणीतरी मोठं माणूस पाहिजे, आणि येताना जुनी चप्पल घाल, काठाला चिखल असतो.